सक्तीची सेवा आणि दुसरा कोस

देशातील प्रत्येक तरुणाला एक-दोन वर्षे लष्करात किंवा दुसऱ्या एखाद्या राष्ट्रीय कामात सक्तीने घालावे काय, हा प्रश्न आपल्याकडे दर काही वर्षांनी निघतो. युद्ध झाले की निघतो, विद्यार्थ्यांनी दंगा केला की निघतो, आणि अलीकडे मुले मोबाइलमधून मान वर करीत नाहीत म्हणूनही निघतो. उपासना संपल्यावर मंदिराच्या आवारात बोलत उभ्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी निम्मे तरी या कल्पनेच्या बाजूचे असतात. दोन वर्षे कवायत घडली की पोरे सरळ येतील, हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. दुसरीकडे शब्बाथशाळेच्या मोठ्या वर्गातील मुले शिक्षकांना विचारतात की ख्रिस्ती माणसाने बंदूक हाती घ्यावी काय, आणि सरकारने घ्यायला लावली तर काय करावे. शिक्षक बिचारे रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय एका हाती आणि डोंगरावरील प्रवचन दुसऱ्या हाती धरून अवघडून बसतात. म्हणून या विषयाचा थोडा नीट विचार करावा असे आम्हांला वाटले.

प्रथम ते 'सरळ येतील' हे प्रकरण बाजूला काढू. घरात जे वळण लागले नाही ते सुभेदाराने लावावे, ही अपेक्षा सुभेदारावर अन्याय करणारी आहे. फौज ही सुधारगृह नव्हे. तिचे काम सीमा राखण्याचे, आणि नाखूश माणसाला रांगेत उभे करून ते होत नाही हे पवित्र शास्त्रातील सेनापतींनाही ठाऊक होते. अनुवादाच्या विसाव्या अध्यायात लढाईपूर्वी अधिकाऱ्यांनी लोकांना काय विचारावे ते सांगितले आहे. नवे घर बांधून अजून त्यात राहिला नाही त्याने परत जावे, द्राक्षमळा लावून फळ चाखले नाही त्याने जावे, मागणी घातलेल्या मुलीशी लग्न व्हायचे आहे त्याने जावे, आणि शेवटी, ज्याला भीती वाटते त्यानेही घरी जावे. गिदोनाने असेच विचारले तेव्हा बावीस हजार माणसे उठून गेली आणि दहा हजार राहिली; पुढे तीही फार ठरली. गणनेच्या पहिल्या अध्यायात वीस वर्षांवरील लढण्याजोग्या सर्व पुरुषांची मोजदाद आहे, तेव्हा इस्राएलात सक्ती नव्हतीच असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या सक्तीला किती दारे ठेवली होती ते पाहावे. भित्र्या माणसाला बाहेर पडण्याचे दार ठेवणारा सक्तीच्या भरतीचा दुसरा कायदा आमच्या तरी वाचनात नाही.

आम्ही लिहितो ते गावच मुळी छावणीतून उठलेले. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, तो तळ पुन्हा हलला नाही आणि त्याचे शहर झाले. नाव राहिले लष्कर. येथे कंपू नावाचा भाग आहे. शिंद्यांच्या कवायती पलटणींच्या कंपूंची ती आठवण. शिंदे की छावनी म्हणून दुसरी वस्ती आहे. पलीकडे मुरार, ती इंग्रजांची छावणी. मराठी माणूस या उत्तरेत आला तो बहुतेक या फौजेच्या पाठीमागून: कोणी शिलेदार, कोणी कारकून, कोणी भिक्षुक, कोणी पखाल वाहणारा. आणि आजही पहाटे मुरारकडच्या रस्त्याने जावे तर भिंड-मुरैनाकडची पोरे घामाघूम होऊन धावताना दिसतात. कोणी त्यांच्यावर सक्ती केलेली नसते. भरतीच्या दिवशी ठरलेल्या वेळेत धाव पूर्ण व्हावी म्हणून ती महिनोन् महिने धावतात.

याच पोरांपैकी काहींनी १६ जून २०२२ रोजी गोला का मंदिरच्या चौकात टायर जाळले आणि बिर्लानगर स्टेशनात मोडतोड केली. दोनच दिवसांपूर्वी अग्निपथ योजना जाहीर झाली होती. भरती चार वर्षांची, आणि त्यानंतर चौघांतील फार तर एकाला पुढे कायम ठेवायचे, अशी ती योजना. मोडतोडीचे समर्थन कोणी करू नये. स्टेशनावर अडकलेल्या प्रवाशांचा त्यात काय दोष? पण ज्यांना वाटते की भारतीय तरुणाला देशसेवेसाठी ढकलावे लागेल, त्यांनी त्या दिवसाचा विचार करावा. तेथे तरुण रागावला होता तो सैन्यात जावे लागते म्हणून नव्हे, तर पुरते जाऊ देत नाहीत म्हणून. त्याला पगार हवा होता, निवृत्तिवेतन हवे होते, गावात मान हवा होता. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पंचवीस लाख भारतीय फौजेत होते आणि त्यांच्यासाठी सक्तीचा कायदा करावा लागला नव्हता. दारिद्र्य हाच मोठा भरती अधिकारी होता, असे कोणी म्हटले तर आम्ही त्याला खोटे म्हणणार नाही.

तेव्हा आपल्या देशात सक्तीच्या सेवेचा प्रश्न हा सैनिक मिळत नाहीत म्हणून उभा राहत नाही. तो उभा राहतो तो न्यायाच्या बाजूने. सेवेचे ओझे आजवर कोणाच्या खांद्यावर पडले आणि कोणाच्या पडले नाही, हे पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर देता येणार नाही.

आपल्या मराठी पवित्र शास्त्रात मत्तयाच्या पाचव्या अध्यायात एक शब्द आहे: वेठ. कोणी वेठीस धरून एक कोस नेले तर काय करावे, हे प्रभूने तेथे सांगितले. मूळ ग्रीक शब्द इराणी राजांच्या डाकव्यवस्थेतून आलेला. सरकारी जासूद वाटेतला माणूस, घोडा, होडी काय लागेल ते कामाला लावीत असे. रोमी शिपायांनी हीच रीत चालवली. कुरेनेकर शिमोन शेतावरून येत होता, त्याला त्यांनी वधस्तंभ वाहायला लावला, तेथेही आपल्या भाषांतरात वेठीचाच शब्द येतो. भाषांतर करणाऱ्यांना हा शब्द शोधावा लागला नसेल. महाराष्ट्रात त्यांच्या अवतीभवती वेठ रोज चालू होती.

आणि ती कोणाच्या माथी होती? आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घराण्यांच्या पूर्वजांच्याच. महार वतन म्हणजे नावाला जमिनीचा तुकडा आणि घरोघरची भाकर. बदल्यात गावाची आणि सरकारची अमर्याद चाकरी. सरकारी टपाल आणि खजिना पुढच्या गावी पोहोचवायचा, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे, शीव राखायची, मयताची बातमी गावोगाव न्यायची, मेलेले ढोर ओढायचे. दिवस-रात्र नाही, आजारपण नाही. घरातला कर्ता पुरुष नसेल तर जो असेल त्याने जायचे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील जुन्या मंडळ्यांत, बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने गावकीचे काम करावे की नाही, हा वाद पुस्तकी नव्हता. त्याच्यावर पाणी आणि भाकर अवलंबून होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले ते याच गुलामीविरुद्ध. शेवटी १९५८ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने ही कनिष्ठ गाववतने संपली. १९५८! आपल्यातील कित्येकांचे आजोबा तेव्हा कर्ते होते.

म्हणून सक्तीची सेवा हे शब्द ऐकताच एखाद्या वृद्ध ख्रिस्ती बंधूच्या अंगावर काटा आला तर त्याला देशभक्ती कमी आहे असे कोणी म्हणू नये. त्याच्या घराने पिढ्यान् पिढ्या सक्तीची सेवा केलेली आहे. ती केली म्हणून त्याला राष्ट्रीय गौरव मिळाला नाही, तर गावाबाहेरची झोपडी मिळाली.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती सोडली तर आपला विचार लंगडा होईल. वतनाची चाकरी ज्यांना जबरीने करावी लागे त्यांच्यातीलच हजारो पुरुषांना कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत जागा मिळाली होती, आणि त्या जागेने त्यांना ताठ उभे केले. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीतला, म्हणजे आमच्या या मध्य प्रदेशातलाच. फौजेतील शिपायांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, शिकणे भाग असे, आणि त्या सक्तीच्या शिक्षणाचे ऋण बाबासाहेबांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. पुढे १८९० नंतरच्या दशकात इंग्रजांनी लढाऊ जातींचे खूळ डोक्यात घेऊन महारांची भरती बंद केली. तेव्हा या समाजाने काय केले? सुटलो एकदाचे, असे म्हटले नाही. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जांवर अर्ज केले की आम्हांला देशाच्या फौजेत घ्या. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावे लागले.

म्हणजे एकच समाज, एकाच काळात, एका सेवेतून सुटण्यासाठी आणि दुसऱ्या सेवेत शिरण्यासाठी झगडत होता. यात विसंगती नाही. पहिलीत तो वेठीचा होता आणि दुसरीत नागरिक होता. आम्हांला वाटते की सक्ती चांगली की वाईट, असा सवाल टाकण्याऐवजी हा फरक कशाने पडतो ते शोधावे. कष्ट तर दोन्हीकडे होते, आणि हुकूमही दोन्हीकडे होता. फौजेत जीव जाण्याची भीती अधिक. परंतु तेथे जो हुकूम एकाला तोच त्याच्या शेजाऱ्याला होता. मोबदला ठरलेला होता, मुदत ठरलेली होती, आणि काम संपल्यावर माणूस वर चढू शकत होता. वतनात यांतले काहीच नव्हते.

आपल्या संविधानकर्त्यांनी हा फरक ओळखला होता असे २३ वे कलम वाचताना जाणवते. त्या कलमाचा पहिला भाग वेठबिगारीला आणि माणसांच्या व्यापाराला बंदी करतो. लगेच दुसरा भाग म्हणतो की सार्वजनिक प्रयोजनासाठी राज्याला सक्तीची सेवा लादता येईल, मात्र तसे करताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही. एकाच कलमात वेठ बंद आणि सेवा मोकळी. त्या यादीत 'लिंग' हा शब्द नाही, हेही चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात येईल. म्हणजे केवळ पुरुषांवर सक्ती केली तर निदान या कलमाची आडकाठी येणार नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ५१-क हे मूलभूत कर्तव्यांचे कलम आले, त्यातही देशाचे रक्षण आणि बोलावणे आल्यास राष्ट्रीय सेवा हे कर्तव्य सांगितले आहे. तेव्हा असा कायदा करण्याचा अधिकार राज्याला आहे, याबद्दल आम्हांला शंका नाही. सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देणारे २५ वे कलमही त्याच संविधानात आहे, हे मात्र कायदा करणाऱ्याने विसरू नये.

अधिकार आहे म्हणून तो वापरावाच काय? लष्करी सक्तीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: नको. शमुवेलाने राजा मागणाऱ्या लोकांना जो इशारा दिला त्याची सुरुवातच मुलांपासून आहे. राजा तुमची मुले घेईल, रथांपुढे धावायला लावील, आपली शेते नांगरून घेईल, तुमच्या मुलींना स्वयंपाकाला आणि भाकरी भाजायला नेईल (१ शमुवेल ८). शलमोनाने ते करून दाखवले. मंदिराच्या लाकडासाठी त्याने तीस हजार माणसे वेठीस धरली, दर महिन्याला दहा हजार लबानोनात, मग दोन महिने घरी. पाळीची व्यवस्था पाहिली तर फार वाईट म्हणता येणार नाही, आणि काम तर देवाच्या घराचे होते! तरी त्याचा मुलगा रहबाम गादीवर येताच लोकांनी पहिली तक्रार याच जोखडाची केली, आणि त्याने वेठीवरचा अंमलदार अदोराम पाठवला तेव्हा त्याला दगडमार करून ठार केले. राज्य दुभंगले ते दुभंगलेच. पवित्र कामासाठी केलेली सक्तीसुद्धा माणसाच्या मनात काय साठवीत जाते, याचा हा दाखला तरुण संघात जरूर वाचावा.

दुसरे कारण जिवाचे आहे. दुसऱ्याचा जीव घेण्याचे शिक्षण कोणालाही त्याच्या विवेकाविरुद्ध देऊ नये. इ. स. २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेत मॅक्सिमिलियन नावाचा एकवीस वर्षांचा तरुण सैन्यभरतीसाठी रोमी अधिकाऱ्यापुढे उभा केला गेला. आपण ख्रिस्ती आहोत म्हणून शिपाई होऊ शकत नाही, एवढेच तो सांगत राहिला. अधिकारी क्रूर नव्हता; सम्राटांच्या खास पथकांतही ख्रिस्ती शिपाई आहेत, असे त्याने समजावून पाहिले. त्यांचे त्यांना ठाऊक, असे मॅक्सिमिलियनचे उत्तर होते. त्याचा शिरच्छेद झाला. आम्हांला या हकिकतीत त्या उत्तराचा संयम मोठा वाटतो. इतर ख्रिस्ती शिपायांना त्याने पापी ठरवले नाही. आपणही ठरवू नये. मुरारच्या छावणीतून उपासनेला येणारी कुटुंबे आपल्या शेजारी बसतात. त्यांच्या घरातील माणूस सियाचिनला किंवा राजस्थानच्या वाळूत असतो. योहानाने शिपायांना शिपाईगिरी सोडा असे सांगितले नाही, जुलूम करू नका आणि पगारात समाधान माना असे सांगितले. कर्नेल्य बाप्तिस्मा घेऊनही शताधिपती राहिला नाही असे कोठे लिहिलेले नाही. कर्नेल्य आणि मॅक्सिमिलियन दोघांनाही मंडळीत जागा आहे. सक्तीचा कायदा या दोघांपैकी एकाची जागा काढून घेतो.

आता लष्कराबाहेरच्या सेवेकडे येऊ. येथे आमचे मत इतके सोपे नाही. १९५९ साली केंद्र सरकारने चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवेसाठी समिती नेमली. रायगडच्या मातीतला हा माणूस, अर्थमंत्रिपद सोडून आलेला. समितीचे म्हणणे असे की उच्च माध्यमिक शिक्षण संपल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवेत घालवावे, आणि ही सेवा सक्तीची असावी. त्यानंतर के. जी. सैयदैन यांनी निरनिराळ्या देशांतील अनुभव तपासून सल्ला दिला की निदान आरंभ ऐच्छिक असावा. देशमुखांची योजना कागदावर राहिली. मग १९६२ चे चिनी आक्रमण झाले आणि १९६३ मध्ये कॉलेजातील मुलांना एन. सी. सी. सक्तीची झाली. शिकवणारे कमी आणि शिकणारे अफाट. वर्गात हजेरी लावून मागच्या दाराने पसार होणाऱ्यांनी मैदानातही तीच विद्या चालवली. १९६८ मध्ये ही सक्ती उठली. पुढच्याच वर्षी, गांधीशताब्दीच्या निमित्ताने, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, ती ऐच्छिक म्हणूनच.

एन. सी. सी. ऐच्छिक झाली म्हणून मेली नाही, हे ग्वाल्हेरकरांनी तरी सांगायलाच हवे, स्त्रियांना एन. सी. सी.च्या अधिकारी म्हणून तयार करणारी संस्था आमच्याच गावात १९६० नंतरच्या दशकापासून चालत आली आहे. आणि महाराष्ट्रात बाबा आमट्यांनी १९६७ पासून सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरवली. मे महिन्याच्या चांदा-मूलच्या उन्हात, स्वतःचे तिकीट काढून, मुले-मुली माती उपसायला येत राहिली. सक्ती केली असती तर अर्ध्यांनी डॉक्टरचे प्रमाणपत्र आणले असते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग झाले तर. सेवा ऐच्छिकच बरी. फिलेमोनाला लिहिताना पौलानेही हेच म्हटले की त्याचे चांगुलपण भाग पडले म्हणून नको, आपखुशीचे हवे. हे खरे. पण ऐच्छिक सेवेचा एक दोष आपण झाकून ठेवतो: ती करणारे नेहमी तेच असतात. मंडळीतही पाहा. सणाला मांडव घालणारे, आजाऱ्याला दवाखान्यात नेणारे, शब्बाथशाळेला शिक्षक नाही म्हटले की उभे राहणारे, तेच पाच-सहा जण. बाकीच्यांना सेवेची किंमत कळते, सेवा कळत नाही. नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमेचा कोट बांधणाऱ्यांची लांबलचक यादी आहे, कंटाळवाणी म्हणून आपण ती वर्गात गाळतो. ती गाळू नये. सोनार आहेत, गंधी आहेत, याजक आहेत. बाराव्या वचनात शल्लूम नावाचा अधिकारी आणि त्याच्या मुलीही भिंतीवर काम करताना दिसतात. आणि पाचव्या वचनात तकोवकरांची नोंद आहे की त्यांनी काम केले, पण त्यांच्यातल्या सरदारांनी मान वाकवली नाही. अडीच हजार वर्षे झाली, त्या सरदारांची हजेरी अजून 'गैरहजर' अशीच लागते आहे. आपल्याकडच्या ज्या घरांत मुलाचे परदेशचे शिक्षण दहावीलाच ठरते, त्या घरांतून सक्तीच्या सेवेचा जयघोष मोठा येतो, आणि भिंतीवर कोणी येत नाही. एका वर्षाची, सर्वांना सारखी, नागरी सेवा कायद्याने आली तर तिचा एक मोठा गुण आम्ही मान्य करू: त्या सरदारांना मान वाकवावी लागेल.

जर्मनीत काही दशके असे काहीसे घडले. पश्चिम जर्मनीत १९५६ मध्ये सक्तीची लष्करी सेवा आली, पण विवेकाच्या कारणाने शस्त्र नाकारण्याचा हक्क त्यांच्या राज्यघटनेत अगोदरच लिहिलेला होता. १९६१ पासून अशा तरुणांना नागरी सेवा मिळू लागली. रुग्णालये, वृद्धाश्रम, अपंगांची घरे येथे त्यांनी काम केले. यांतल्या कित्येक संस्था मंडळ्यांच्या होत्या. २०११ मध्ये सक्ती स्थगित झाली तेव्हा वृद्धाश्रमांना चिंता पडली की आता म्हाताऱ्यांना फिरायला कोण नेणार. पुढे युरोपात युद्ध पेटल्यावर तो विषय तेथे पुन्हा निघाला आहेच. सक्तीने आलेला मुलगा म्हातारीचे केस विंचरताना काही शिकत नसेल, असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. आपल्या देशात अनेक राज्यांत डॉक्टरांना पदवीनंतर ग्रामीण सेवेचे बंधन आहे. काही जण दंड भरून सुटतात. काही जण कुरकुरत जातात, आणि त्यांतले थोडे तेथेच रमतात.

या थोड्यांकडे पाहून आम्हांला प्रभूच्या त्या कोसाचा अर्थ लागतो. पहिला कोस शिपायाचा. तो न्यायाचा होता असे प्रभूने म्हटले नाही, तो नाकारा असेही म्हटले नाही. दुसरा कोस सुरू झाला की शिपाईच गोंधळतो. आतापर्यंत तो हुकूम देत होता, आता त्याचे ओझे एक मोकळा माणूस आपल्या मर्जीने वाहतो आहे. येथे एक सावधगिरी हवी. ही शिकवण ओझे वाहणाऱ्याला दिलेली आहे, ओझे लादणाऱ्याला नाही. लोक दोन कोस चालतील या भरवशावर कोणा सरकारने, किंवा कोणा पाळकाने, एक कोसाचा हुकूम काढू नये. जुन्या वतनदारीत सहनशीलतेची शिकवण नेमकी खालच्यालाच दिली जाई, आणि ती देणारे नेहमी वरचे असत.

पिअर सेरेसोल हा स्विस इंजिनिअर या दुसऱ्या कोसाचा माणूस म्हणावा लागेल. लष्कराऐवजी द्यावयाचा कर त्याने विवेकापोटी नाकारला आणि त्यासाठी तुरुंग सोसला. पण नुसते नाही म्हणून तो थांबला नाही. १९२० मध्ये फ्रान्समध्ये व्हर्दूंच्या रणभूमीजवळच्या एका उद्ध्वस्त गावात, कालच्या शत्रुराष्ट्रांतील मोजके स्वयंसेवक घेऊन तो घरे बांधायला गेला. शिपायासारखी शिस्त, शिपायासारखे कष्ट, हाती फावडे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर तो आपल्या देशात आला आणि मुझफ्फरपूरकडे गावे पुन्हा वसवण्याच्या कामाला लागला. त्याने सुरू केलेली आंतरराष्ट्रीय नागरी सेवा आजही चालू आहे. विवेकाने शस्त्र नाकारणाऱ्याला लोक भित्रा म्हणतात. सेरेसोलला तसे म्हणणे कोणाला जड जाईल.

आमचा कल सांगायचा तर असा. लष्करी सक्ती नको. नागरी सेवेची सक्ती आलीच तर ती श्रीमंताला पैसे भरून चुकवता येऊ नये, मुलींना वगळून त्यांचा अपमान करू नये आणि त्यांच्या सुरक्षिततेची व्यवस्था केल्यावाचून त्यांना नेऊही नये. ज्या घरात एकटा मुलगा मिळवता आहे त्या घराला वर्षभर काय मिळणार, हे कायद्यात आकड्यानिशी लिहिलेले असावे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात नवविवाहितालासुद्धा वर्षाची सूट आहे, मग विधवेच्या एकुलत्या आधाराला काय म्हणावे? या अटी पाळता येत नसतील तर असा कायदा गरिबाला आणखी एक वेठ ठरेल, आणि मग तो नसलेलाच बरा.

मंडळीचे काम मात्र कायद्यासाठी थांबून राहत नाही. दृढीकरणाच्या वर्गात आपण मुलांकडून विश्वासांगीकार पाठ करून घेतो. प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा घेतो. त्यांच्याकडून वेळ कधी मागत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास द्यावे लागतात, म्हणजे आठवड्याला अडीच तासांहून कमी. तेवढे मिशनच्या एखाद्या रुग्णालयात, कुष्ठधामात किंवा वस्तीतल्या अभ्यासवर्गात द्यावेत असे आपल्या मुलांना सांगायला पास्टोरेट कमिटीला कोणत्या ठरावाची वाट पाहावी लागते? मागून पाहावे. बरीच नाही म्हणतील, गिदोनाचीही गेली.

आणि एक गोष्ट आताच ठरवून ठेवावी. उद्या सक्तीचा कायदा खरोखर आला आणि आपल्या चर्चच्या पुढाऱ्यांनी सरकारकडे विवेकाच्या कारणासाठी सूट मागितली, तर त्या अर्जात काय लिहायचे? ख्रिस्ती मुलांना शस्त्र उचलण्यातून वगळावे, एवढेच लिहिले तर तो अल्पसंख्याकांचा आणखी एक हट्ट म्हणून बाजूला ठेवला जाईल, आणि ते अगदीच चुकीचेही होणार नाही. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या कड्यांत जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरलेल्या आहेत. त्यांच्यापुढे अहिंसेचे व्रत घेणारा जैन मुलगा आहे, नागपूरच्या दीक्षाभूमीवर त्रिशरण म्हणणारा बौद्ध मुलगा आहे, आणि कोणताच धर्म न मानता माणूस मारायला नकार देणाराही एखादा असेल. सूट मागायची तर या सर्वांची नावे आपल्या अर्जात असावीत, आणि त्यांना बंदुकीऐवजी करता येईल अशा कामाच्या जागा म्हणून आपल्या संस्थांची यादी अर्जाला जोडलेली असावी.